तातांगचे हात

माझ्या मावशीला गावात कोणी नावानं हाक मारत नाही. आमच्याकडे बाईला मूल झालं की तिचं नाव मागे पडतं, ती अमक्याची आई होते. मावशी ग्युहोची आई होती. ग्युहोदादा विमानासकट समुद्रात गेला आणि शेजारणींची पंचाईत झाली. गेलेल्याचं नाव रोज बाजारात कसं घ्यायचं? कोणी 'खानावळवाल्या बाई' म्हणू लागलं, कोणी नुसतंच 'अहो'. मावशी ओ द्यायची नाही. एकदा बंदरावरच्या मासळीवालीनं तिला खानावळवाल्या बाई म्हटलं, तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवून मावशी म्हणाली, "खानावळ काल काढली. ग्युहो त्याच्या कितीतरी आधी झालाय. नीट हाक मार, नाहीतर मासे तुझ्याजवळच ठेव."

ग्युहोदादा हवाई दलात कॅप्टन होता. लग्न ठरत आलं होतं. तो उडवायचा ते विमान त्याच्यापेक्षा वयानं मोठं होतं. त्यावरून तो स्वतःच थट्टा करायचा, "आजोबांना पाठीवर घेऊन फिरतो मी." त्या दिवशी दोन विमानं जोडीनं दक्षिणेच्या समुद्रावर गेली होती. जोडीदाराला त्याचे शेवटचे शब्द ऐकू आले, "इंजिन गेलं. बाहेर पडतो." त्यानंतर काही नाही. पंखाचा तुकडा सापडला, एक हातमोजा सापडला. आसन सापडलं नाही आणि दादाही नाही. सरकारनं त्याचा गणवेश मानानं पुरला. मावशी त्या थडग्याकडे कधी फिरकली नाही. जो अधिकारी भेटायला येई त्याला ती एकच विचारायची, "त्यानं मूठ ओढली होती का?"

बाहेर पडायची मूठ. ती ओढली की आसन वैमानिकाला घेऊन वर उडतं. ओढली असेल तर तो बाहेर का पडला नाही, आणि ओढली नसेल तर 'बाहेर पडतो' असं म्हणाला कशाला? अधिकारी खाली मान घालून चहा प्यायचे आणि जायचे.

मावशीचे यजमान, आमचे काका, त्याच दुःखात गेले. मग मावशीनं जिंजूचं घर विकलं आणि सच्छॉनला विमानतळाच्या कुंपणाला लागून दुमजली घर घेतलं. खाली खानावळ, वर भाड्याच्या खोल्या. माझी आई तिच्यावर रागावली. "अगं, विमानाचा आवाज आला की तुला घाम फुटतो, आणि तिथेच जाऊन बसतेस?"

"जुनी विमानं मोडीत काढून आपलं नवं बनवणार आहेत म्हणे," मावशी म्हणाली. "खरंच बनवतात की नुसतं बोलतात, ते बघायला कोणीतरी नको का जवळ?"

हे नवं विमान जिथे बनणार होतं त्याच कारखान्यात मी दुभाषी होते. बुसानला मी इंडोनेशियाची भाषा शिकले तेव्हा घरचे हसले होते. पुढे आपलं विमान बनवायला आपल्या देशानं इंडोनेशियाला भागीदार घेतलं आणि हसणारे गप्प झाले. बांडुंगहून इंजिनिअर आले. त्यांच्या गळ्यातली ओळखपत्राची पट्टी हिरवी, आमची निळी. काही दारं हिरव्या पट्टीला उघडायची नाहीत, आणि 'इथून पुढे नाही' हे गोड शब्दांत सांगायचं काम माझं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यातला एक उंच, लांब हातांचा माणूस हसून म्हणाला, "ताई, असू दे. आमच्याकडे लग्नात मुलाकडचे स्वयंपाकघरात जात नाहीत. तसंच समजू."

हा तातांग. मूळचा गारुतचा, डोंगरातल्या गावचा. घरी म्हातारी आई, बाकी कोणी नाही. वैमानिकाच्या बैठकीची मांडणी हे त्याचं काम. कुठलं बटण कुठे, कुठली दांडी किती लांब, हात कुठवर पोचतो. खोली शोधत होता, म्हणून मी त्याला मावशीकडे नेलं.

मावशीनं त्याला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय खात नाहीस ते आधी सांग."

"डुक्कर नाही, मावशी. आणि दारू नाही."

"म्हणजे माझ्या निम्म्या खानावळीला तू हात लावणार नाहीस. तुझा देव तुला जगवतो तरी कशावर?"

"मासळीवर," तातांग म्हणाला.

मावशीला हे उत्तर आवडलं. दुसऱ्या दिवशी तिनं नवा तवा आणला, त्याच्या मुठीला लाल दोरा बांधला आणि स्वयंपाकाच्या बाईला दम दिला, "या तव्यात डुकराचा थेंब जरी पडला तरी तवा तुझ्या डोक्यात घालीन."

तातांगला थंडीची सवय नव्हती. डिसेंबरात समुद्रावरून वारा सुटला की तो दोन स्वेटर घालून जिन्यात कुडकुडत उभा राहायचा. एका सकाळी मी मावशीकडे गेले तर तो मागच्या अंगणात बर्फ सरकवत होता, आणि त्याच्या अंगात ग्युहोदादाचं जॅकेट होतं. निळं, जाड, गळ्याशी फर असलेलं. पाठमोरा तो अगदी दादाच दिसत होता. तेच खांदे, तेवढीच उंची.

मी आत जाऊन मावशीला म्हटलं, "ते जॅकेट तू कोणाला हात लावू देत नव्हतीस."

"कपाटात त्याला थंडी वाजत नव्हती," मावशी लसूण सोलत म्हणाली. "याला वाजते."

तातांगनं आईला फोनवर कौतुकानं सांगितलं, मालकिणीनं मुलाचं जॅकेट दिलं म्हणून. म्हातारीनं जॅकेट कसं आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "ऊब घेतलीस ते बरं केलंस. पण त्या कपड्याबरोबर आणखी काय येतं ते विचारलंस का?" तातांगनं मला हे हसत हसत सांगितलं होतं, तेव्हा.

जानेवारीत बैठकीच्या चाचण्या सुरू झाल्या. मोठ्या दालनात विमानाचं लाकडी नाक उभं केलं होतं. त्यात खरं आसन, खऱ्या दांड्या आणि सगळी बटणं होती, फक्त आत यंत्र नव्हतं. वेगवेगळ्या बांध्याची माणसं त्यात बसवून हात पोचतात का ते पाहायचं. तातांगचा बांधा हवा तसा होता आणि मांडणीही त्याचीच, म्हणून तोच बसायचा. नाम साहेब, आमच्या विभागाचे प्रमुख, भोंगा वाजवून ओरडायचे, "बाहेर पड! बाहेर पड! बाहेर पड!" वैमानिकांना हाच हुकूम शिकवतात. तो ऐकताच डोळे मिटून त्यानं मूठ धरायची. नव्या आसनाची मूठ दोन मांड्यांच्या मधे होती. ती तिथे असावी असा आग्रह तातांगनंच धरला होता, चित्रंही त्यानंच काढली होती.

पहिल्या हुकमाला त्याचे दोन्ही हात आसनाच्या बाजूंना गेले आणि रिकाम्या हवेत मिटले.

सगळे हसले. "काय राव, आपणच बांधलेल्या घराचं दार विसरलात?" नाम साहेब म्हणाले. मी भाषांतर केलं. तातांगही हसला. पुन्हा भोंगा झाला. पुन्हा हात बाजूंना. तिसऱ्यांदाही. डोळे उघडे ठेवले की हात बरोबर मधे जायचे, डोळे मिटले की बाजूंना. दुपारपर्यंत हसणं थांबलं होतं.

त्या दिवशी सल्ला द्यायला जिन कर्नल आले होते. आयुष्यभर जुनी विमानं उडवलेला माणूस. ते खुर्चीतून उठले, लाकडी नाकाशी गेले आणि तातांगचे मिटलेले हात नीट निरखून आले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला विचार, यानं आमचं जुनं विमान कधी उडवलंय का?"

"तो वैमानिक नाही, साहेब. इंजिनिअर आहे."

"बसलाय तरी का त्यात?"

मी विचारलं. तातांगनं मान हलवली. त्यानं ते विमान फक्त आकाशात पाहिलं होतं.

"जुन्या आसनाच्या मुठी बाजूंना असतात," कर्नल म्हणाले. "नेमक्या तिथे, जिथे याचे हात जातायत. ही सवय लागायला वर्षं जातात." ते चहा घेतल्यावाचून निघून गेले.

त्या संध्याकाळी तातांग माझ्याबरोबर चालत आला. वाटेत म्हणाला, "ताई, भोंगा वाजतो ना, तेव्हा मला पाय ओले झाल्यासारखे वाटतात. मोजे काढून बघितले. कोरडे असतात."

"थंडीनं होतं तसं," मी म्हटलं. त्याच्या अंगातल्या जॅकेटकडे बघायचं मी टाळलं.

कारखान्यातलं बाहेर बोलायचं नाही असा नियम होता आणि मी तो पाळायची. पण मावशीजवळ बसून सुक्या मांदेलीची डोकी खुडताना माणूस काहीही बोलून जातो. मावशी म्हणाली, तातांग हल्ली जेवत नाही, तब्येत बरी आहे ना त्याची? मी म्हटलं, "कामात त्याचे हात चुकतात. मधे जायचे ते बाजूंना जातात. म्हणून मनाला लावून घेतलंय."

मावशीच्या हातातली मांदेली तशीच राहिली. "बाजूंना म्हणजे कुठे?"

मी दाखवलं. दाखवताना मला कळलं की मी काय करून बसले. दादा सुट्टीवर आला होता तेव्हा याच मावशीसमोर, जेवणाच्या खुर्चीत बसून, त्यानं आम्हाला नेमकं हेच करून दाखवलं होतं. हे असं धरायचं आणि असं ओढायचं. मावशीनं तेव्हा त्याला पाठीत धपका घातला होता, अभद्र बोलतोस म्हणून.

"ओढतोय तो," मावशी हळूच म्हणाली. "अजून ओढतोय, मिहे पोरी. इतकी वर्षं. आणि आसन सुटत नाहीये."

ती रडली नाही. उठली, हात धुतले आणि बेटावरच्या भगतिणीला फोन लावला. आमच्या किनाऱ्यावर बुडालेल्यांसाठी तिलाच बोलवतात. समुद्रात राहिलेला जीव आपणहून वर येत नाही, त्याला हाका मारून वर काढावं लागतं असं आमचे लोक मानतात. इतकी वर्षं मावशीनं हा विधी करू दिला नव्हता. तो केला असता तर दादा गेला हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

त्याच सुमाराला दोन्ही सरकारांचं काहीतरी फिसकटलं. करार पुढे ढकलला गेला आणि बांडुंगच्या मंडळींना परत जायचा हुकूम आला. मीच तो त्यांना वाचून दाखवला. सामान बांधायला आठवडा मिळाला. काहींनी टेबलावरच्या चित्रांवरून हात फिरवला. तातांग म्हणाला, "आम्ही गेल्यावर ती मूठ हलवू नका म्हणावं. चूक माझ्या हातांची आहे, मुठीची नाही."

मावशीनं त्याला खालच्या खोलीत बोलावलं आणि समोर बसवलं. मी मधे.

"पोरा, तू जायच्या आधी मला समुद्रावर जायचंय. तू चल."

विधी काय असतो ते मी समजावलं. तातांगचा चेहरा पडला. "मावशी, तुम्ही सांगाल ते काम करीन. पण हे माझ्या धर्मात बसत नाही."

"बुडालेल्या माणसाला हाक मारायची बंदी आहे तुमच्यात?"

तो विचारात पडला. "नाही. तशी नाही."

"मग तू तेवढंच कर. देवाचं काय ते आम्ही बघतो." मग तिचा आवाज उतरला. "तो अनोळखी माणसाबरोबर यायचा नाही रे. लहानपणापासून लाजरा. तुझ्याशी त्याची ओळख झालीय."

तातांगनं जॅकेटच्या बाहीकडे पाहिलं. ते त्यानं अंगातून काढलं नव्हतं, मीही त्याला काढ म्हटलं नव्हतं.

मार्चच्या एका स्वच्छ सकाळी समचॉन्पो बंदरातून आम्ही मासेमारीच्या बोटीनं निघालो. मावशी, मी, तातांग, भगतीण आणि तिची ढोलकीवाली, सुकाणूवर बोटवाला चोन. बेटांच्या पलीकडे गेल्यावर चोननं इंजिन बंद केलं. जिथे पंखाचा तुकडा सापडला होता ती जागा त्याला ठाऊक होती, तेव्हा शोधायला गेलेल्या बोटींत त्याचीही एक होती.

भगतीण ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी दिसायची. तिनं पितळेचा वाडगा काढला, त्यात कच्चे तांदूळ भरले आणि तातांगला म्हणाली, "ए परदेशी, तुझे हात लांब आहेत. घट्ट बांध." तातांग गुडघ्यांवर बसला, वाडग्यावर वाकला. त्यानं पांढऱ्या कापडात वाडगा बांधला आणि लांबलचक सुती पट्ट्याचं टोक त्याला जोडलं. वारा होता. त्याचे बारीक कापलेले केस विस्कटायचे आणि तो मनगटानं ते मागे सारायचा. मी हे सगळं पाहत होते.

वाडगा पाण्यात सोडला. ढोलकी सुरू झाली. दुसरं टोक हातात धरून मावशीनं हाक मारली, "ग्युहोऽऽ! ग्युहो, घरी चल रे!" तिचा आवाज पाण्यावरून लांबवर गेला. कितीतरी हाका मारल्या. भगतिणीनं वाडगा वर ओढला, गाठ सोडली, तांदळात बोटं फिरवली. नुसते तांदूळ. जीव येतो तेव्हा तांदळात एखादा केस सापडतो.

पुन्हा सोडला. पुन्हा नुसते तांदूळ.

भगतीण चष्मा पुसत म्हणाली, "आईच्या हाकेला येत नाहीये. आईच्या आधी गेला याची लाज वाटतेय त्याला. दुसऱ्या कोणी बोलवा."

मी पट्टा धरला. "दादा!" म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. लहानपणी लपाछपीत मी हरले की अशीच हाक मारायची, आणि तो लगेच बाहेर यायचा. पट्टा सैल लोंबत राहिला.

"आता तू," भगतीण तातांगला म्हणाली.

तातांगनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, मी काय म्हणू? जिवंत असता तर माझ्यापेक्षा मोठा. पण गेला तेव्हा माझ्याहून लहान होता. दादा म्हणू की नावानं?"

मी भगतिणीला विचारलं. ती म्हणाली, "जे तोंडात येईल ते."

तातांगनं पट्टा मनगटाला गुंडाळला, डोळे मिटले आणि ओरडला. दालनात जे इतक्या वेळा ऐकलं होतं तेच, आमच्या भाषेत, नाम साहेबांच्याच सुरात.

"बाहेर पड! बाहेर पड! बाहेर पड!"

ढोलकी थांबली. मावशीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पट्टा ताणला गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तातांग एक पाऊल पुढे ओढला गेला, चोननं त्याला कमरेला धरलं नसतं तर कदाचित गेलाच असता. मग ताण गेला आणि वाडगा सहज वर आला.

गाठ सोडली. ओल्या तांदळावर एक केस होता. आखूड, काळा.

भगतिणीनं तो चिमटीत धरून मावशीच्या तळहातावर ठेवला. "घ्या. आला."

मावशीनं मूठ मिटली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. ती बोटीच्या फळ्यांवर बसली आणि मिटलेल्या मुठीशी बोलू लागली. थंडी वाजली का, किती हाडकलास, बाबा गेले तुझे, मोटारसायकल मी विकली, रागवू नकोस. चोन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मी रडत होते, तरी माझी नजर पुन्हा पुन्हा तातांगच्या डोक्याकडे जात होती. तोही माझ्याकडेच बघत होता.

किनाऱ्यावर आल्यावर भगतिणीनं जॅकेट मागितलं. ते तिथेच वाळूत जाळलं. तातांग नुसत्या सदऱ्यात उभा होता. मावशीनं आपली शाल काढून त्याच्या खांद्यांवर टाकली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "तू नसतास तर तो आला नसता."

केस पांढऱ्या कुपीत घालून तिनं टेकडीवर काकांच्या थडग्याशेजारी पुरला. बापाच्या कुशीत.

तातांगला बसपर्यंत सोडायला मी गेले होते. तिकीट काढून झालं, बॅग बसच्या पोटात गेली. शेवटी मी विचारलंच, "तो केस तुझा होता?"

"वाडग्यावर मी वाकलो होतो," तो म्हणाला. "वारा होता."

"म्हणजे तुझाच."

"माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही. पण पट्ट्याला ओढ लागली होती. मी डोंगरातला असलो तरी नदीवर गळ टाकलाय. ती माशाची ओढ नव्हती." मग त्यानं चेहरा फिरवला. "केस माझा असेल आणि ओढ त्याची असेल, तर? तर तो वर येत होता, आणि आपण वाडगा उघडून आला म्हणालो आणि निघून आलो."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तातांग आत चढला.

मावशी मात्र बदलली. रात्रभर झोपू लागली. बाजारात कोणी खानावळवाल्या बाई म्हटलं तरी ओ द्यायला लागली. शेजारणींबरोबर चेरीची फुलं बघायला सहलीला गेली, तिथे गाणं म्हणाली म्हणे. समुद्राकडची खिडकी तिनं कपाट लावून बुजवली. "गार वारा येतो," म्हणाली. आई मला म्हणायची, बघ, तुझी मावशी माणसांत आली. मी हो म्हणायची. ते खरंच होतं. पण एखाद्या दुपारी मी बंदरावर गेले की वाटायचं, आता इथे त्याला हाक मारणारं कोणीच उरलेलं नाही. आईनंसुद्धा खिडकी लावून घेतली.

दोन वर्षांनी सरकारांचं पुन्हा जुळलं. हिरव्या पट्टीची माणसं परत आली, त्यांत तातांग होता. कानांवरचे केस पिकले होते. लाकडी नाक कधीच अडगळीत गेलं होतं आणि खरं विमान रंग लावून उभं होतं, एका बाजूला आमचा झेंडा, दुसऱ्या बाजूला त्यांचा. नाम साहेबांनी थट्टेनं त्याला अडगळीत नेऊन त्याच लाकडी नाकातल्या आसनात बसवलं, भोंगा वाजवला आणि ओरडले. तातांगनं डोळे मिटले. दोन्ही हात सरळ मांड्यांच्या मधे गेले आणि मुठीवर मिटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तातांग आसनातून उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. "गेला तो," मला म्हणाला. "पण कुठे गेला?"

जुलैत विमान पहिल्यांदा उडायचं होतं. कुंपणापाशी पहाटेपासून गर्दी. छत्र्या, गोड घारगे तळणारे, खांद्यांवर बसलेली पोरं. आम्हाला आत उभं राहायची परवानगी होती. हिरव्या पट्टीवाले एका ओळीत उभे होते आणि ओळीत तातांग नव्हता. मी नाम साहेबांना काहीतरी थाप मारली आणि निघाले. कुठे जायचं ते मला कोणी सांगायला नको होतं.

तो बंदराच्या धक्क्याच्या अगदी टोकाला उकिडवा बसला होता. शेजारी त्याच्या गावाकडच्या केळीच्या पानाऐवजी कसल्याशा प्लास्टिकच्या थाळीत भात आणि तळलेला मासा. माझी चाहूल लागली तरी त्यानं वळून पाहिलं नाही. तो पाण्याशी बोलत होता. आमच्या भाषेत, पुस्तकातून शिकलेल्या त्याच्या अदबशीर, खुळ्या उच्चारांत.

"ग्युहो, जेवलास का?"

थोडं थांबायचा. मग पुन्हा. "जेवलास का?"

"रोज येतोस?" मी विचारलं.

"सुट्टी असेल तेव्हा. मावशी आता हाक मारत नाही ना. घरातलं माणूस हाक मारायचं थांबलं की शेजाऱ्यानं तरी विचारावं." तो कसंनुसं हसला. "गारुतला आई दर गुरुवारी बायका जमवून त्याच्यासाठी दुवा मागते. नाव कोणाला उच्चारता येत नाही. विचारतात, हा कोण? तर आई सांगते, तातांगचा धाकटा भाऊ, परदेशात असतो."

मी त्याच्या शेजारी बसले. बोटीवर अडलेली ती हाक पुन्हा तोंडातून निघेल असं वाटलं नव्हतं, पण निघाली. "दादा, जेवलास का?"

मागून आवाज आला. आधी छातीत, मग कानात. आमचं विमान डोक्यावरून समुद्रावर गेलं. गावभर आरोळ्या उठल्या, बंदरातल्या बोटींनी भोंगे वाजवले. आम्ही दोघांनी वर बघितलं नाही. पाण्यावरून त्याची सावली सरकत गेली आणि धक्क्याखालचं पाणी हललं. लाट नव्हती, वाराही नव्हता. तातांगनं माझं मनगट धरलं. त्याची बोटं गार होती. पाणी पुन्हा स्थिर झालं तरी आम्ही कितीतरी वेळ उठलो नाही. त्यानं भात मुठीमुठीनं पाण्यात सोडला आणि थाळी धुऊन घेतली.

दुपारी मावशीकडे गेलो. ती खिडकी बुजवलेल्या कपाटाला पाठ करून बसली होती, टीव्हीवर तेच तेच उड्डाण दाखवत होते.

"काय रे, कसं उडालं?" तिनं विचारलं.

"छान उडालं, मावशी," तातांग म्हणाला.

"डोळे का लाल तुझे?"

"ऊन होतं फार."

"आणि हिचे?" मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या पँटच्या ओल्या कडांकडे पाहिलं. काही विचारणार असं वाटलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "बसा. कालवणाला उकळी येतेय," म्हणाली, आणि टीव्ही बंद करून आत गेली.